बाप भाड्यानं मिळतो

मसाका,
रविवार, दुपार

प्रिय गोन्झागा,

आधी 'प्रिय दादा' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. 'प्रिय' ठेवलंय, कारण पत्राची सुरुवात तशी करतात आणि मी दिवसभर लोकांची पत्रंच टाइप करते. हात सवयीनं चालतो. त्याचा जास्त अर्थ काढू नकोस.

तुझा निरोप मंगळवारी सकाळी फोनवर आला. 'पोरगी झाली. तातांना नाव विचार. लवकर कळव.' सात शब्द, आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र. वायोला कशी आहे, पोरगी कुणासारखी दिसते, रडते की झोपते, यातलं काही नाही. ताता कसे आहेत हा प्रश्न तर नाहीच. गेल्या नोव्हेंबरपासून तू तातांशी, आपल्या बापाशी, एक शब्द बोललेला नाहीस, आणि दहा महिन्यांनी आलेला पहिला निरोप असा, जणू मी सरकारी कचेरीतली कारकून आहे आणि तुला एक दाखला हवाय. मी तो वाचला, फोन उलटा ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. तातांना सांगितलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. त्या तीन दिवसांत मी तुझ्याशी मनातल्या मनात इतकी भांडले की शुक्रवारी घसा बसला.

तुला नाव का हवंय ते मला कळतं. वायोलाच्या आत्यानं बाळंतिणीच्या खोलीत पहिल्याच दिवशी विचारलं असणार, 'तुमच्या कुळातल्या कुणाचं नाव लावणार पोरीला?' आणि तू गप्प झाला असशील. ज्याला तू बाप म्हणून उभा केलास त्याला विचारायची सोय नाही, त्याचं कूळ वेगळं, त्याचे मेलेले वेगळे. बाप भाड्यानं मिळतो. मेलेली आजी मिळत नाही. शिवाय तू घाबरलायस, हे मला त्या सात शब्दांवरूनही कळलं. परक्या कुळाचं नाव लावलं तर मूल दूध ओकतं, अंग धरत नाही, हे म्हातारे सांगायचे तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तूच हसायचास. आता पोरगी तुझ्या हातात आहे, आणि 'लवकर कळव'.

माझं विचारलं नाहीस, तरी सांगते. माझं दुकान अजून टॅक्सीतळाशेजारीच आहे. अडीच हात रुंदीचं लाकडी खोकं, एक संगणक, एक प्रिंटर, आणि वीज जाते तेव्हा एक खुर्ची. समाजशास्त्राची पदवी घेऊन मी समाजाचे अर्ज टाइप करते, म्हणजे शिक्षण वाया गेलं असं म्हणता येणार नाही. समोरच्या नाक्यावर सहा मोटरसायकलवाले उभे असतात. त्यातले तीन पदवीधर आहेत आणि चौथा मास्तरकी सोडून आलाय. गिऱ्हाइकावरून भांडण झालं की ते फार शुद्ध इंग्रजीत भांडतात. परवा एक पोरगा बायोडेटा करायला आला. म्हणाला, 'बाई, अनुभवात पाच वर्षं टाका.' मी विचारलं, कसली? तर म्हणतो, 'ते तुम्ही शिकलेल्या माणसांनी ठरवायचं.' दुसरा म्हणाला, 'शिक्षणाच्या खाली लिहा, तारण झालेला ख्रिस्ती.' ओळखीचा माणूस म्हणून सगळे एकाच पाद्रीबाबाचं नाव देतात. त्या बिचाऱ्याला माहीतही नसेल की अर्ध्या जिल्ह्याच्या चारित्र्याची हमी त्यानं घेतलीय. मी सगळं टाइप करते. इथे प्रत्येक जण आपण दुसराच कुणीतरी असल्याचा अर्ज भरतोय, आणि त्यावरची शुद्धलेखनाची चूक तेवढी मी काढून देते.

म्हणून मला सज्जन समजू नकोस. मीही भरलाय तसा अर्ज. मार्चमध्ये एका मोठ्या शाळेच्या ऑफिसात मुलाखतीला गेले होते. टाय लावलेल्या साहेबानं विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, कंत्राटदार आहेत. तो शब्द तुझ्याकडूनच उचलला होता. फरक इतकाच, की तुला त्या शब्दावर बायको मिळाली आणि मला नोकरीसुद्धा मिळाली नाही. बाहेर पडले तेव्हा त्या शाळेच्या मागे संडासांची लांब रांग दिसली, आणि मी बघत राहिले की खड्डे कुणी खणले असतील. सगळीकडे बघते मी ते. तू बघत नाहीस?

तू शिकलास ती शाळा तर तुला आठवत असेल. चार वर्षं तातांनी तिथे फी दिली नाही, फीऐवजी संडासाचे खड्डे खणून दिले. चाळीस चाळीस फूट. भिंतीत पाय ठेवायला खोबण्या कोरत खाली जायचं, खाली हवा बरी आहे का बघायला आधी पेटती मेणबत्ती दोरीनं सोडायची, आणि मग दिवसभर मातीची बादली वर. सुट्टीत वरून दोरी ओढायला तू आणि मी. तू मला म्हणायचास, 'पर्पेटुआ, हात सोडलास तर बाप मेला.' मी सात वर्षांची होते, मी ते इतकं खरं मानलं की नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. तुझ्या वर्गातली पोरं तुला 'खड्ड्याचा' म्हणायची, हे मला ठाऊक आहे. तू शाळेत पाणी न पिता राहायचास, म्हणजे तिकडे जावं लागू नये, हेही ठाऊक आहे. मला त्या पोराची दया येते अजून. तुझी येत नाही.

गेल्या ऑक्टोबरात तू घरी आलास तो दिवस मी विसरावा म्हणून फार प्रयत्न केला. चटईवर बसला नाहीस, स्टूल मागितलंस, आणि स्टूलही रुमालानं पुसलंस. वायोलाच्या घरी मागणी घालायला जायचं ठरलं होतं. 'ताता,' तू म्हणालास, 'त्यांची मोठी मोठी माणसं येणार आहेत. खासदार येणार आहे.' ताता म्हणाले, 'येऊ दे की. मी काय चावतोय त्याला?' तू म्हणालास, 'तसं नाही. मी त्यांना सांगितलंय की तुम्ही बांधकामात आहात. कंत्राटदार आहात.' ताता खो खो हसले. म्हणाले, 'मग खोटं कुठे आहे त्यात? लोक वर बांधतात, मी खाली बांधतो.' मीही हसले. तूही हसला असतास तर बरं झालं असतं. तू नखं बघत बसलास, आणि मग ते बोललास. की राजधानीत हल्ली माणसं मिळतात, सगळेच आणतात, एका दुपारचा प्रश्न आहे. की तो तुमच्या नावानं बसेल, म्हणजे नाव तर तुमचंच राहील.

नाव तर तुमचंच राहील. तुला वाटलं तू मोठं मन दाखवतोयस.

मला वाटलं ताता आता उठून बाहेर जातील. त्यांनी विचारलं, 'उंच आहे का तो?' तू म्हणालास, हो, उंच आहे, केस पांढरे आहेत, चष्मा आहे. 'मग ठीक. माझ्या नावाला उंच माणूस बरा दिसेल.' आणि मग, जसं शेजाऱ्याकडे मीठ मागावं तसं, 'मी आलो तर चालेल का रे? मागे बसेन. शेजारी म्हणून.' तू लगेच हो म्हणालास. इतक्या लगेच, की मला तेव्हाच तुला घराबाहेर काढायला हवं होतं. मी चहा ओतला.

आपल्यात मागणीला बाप गेलाच पाहिजे असं नाही, हे तुला माहीत होतं. काका चालला असता, शेजारचे मास्तर चालले असते, 'वडिलांना बरं नाही' म्हणून भागलं असतं. निम्मी लग्नं तशीच होतात. पण तुझ्या सासऱ्यांनी सहज म्हटलं, 'वडिलांना भेटायचंय,' आणि तुला त्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं नव्हतं. तुला बाप दाखवायचाच होता, फक्त आपला नको होता.

तो दिवस तू पुढून पाहिलास, मी मागून सांगते. समोरासमोर दोन मांडव, मध्ये हिरवळ. त्यांच्याकडच्या बायका उभ्या खांद्यांचे गोमेसी झगे घालून ओळीनं बसलेल्या. आपले पुरुष पांढरे पायघोळ कांझू आणि वर कोट. तातांनी मास्तरांचा कोट मागून आणला होता, बाह्या हातांवर येत होत्या, ते दर थोड्या वेळानं त्या मागे सारत होते. आम्ही शेवटच्या रांगेत, मांडवाच्या खांबाला टेकून. दोन्ही घरांच्या वतीनं बोलणारे सुरू झाले. त्यांचा म्हणाला, 'पाहुणे, रस्ता चुकलात का? दवाखाना पुढच्या वळणावर आहे.' आपला म्हणाला, 'आजारी आहोत खरे, पण औषध तुमच्याच घरात आहे असं ऐकलं.' सगळे हसत होते. ताता तर गुडघ्यावर थाप मारून हसत होते, त्यांना असलं बोलणं फार आवडतं. तू कूळ सांगितलंस, मी नाकतोड्याच्या कुळातला, अमक्याचा नातू. तातांनी मान डोलावली, बरोबर सांगितलं म्हणून. आणि मग त्यांचा बोलणारा म्हणाला, 'आता मुलाचे वडील, माननीय पोन्सियानो मुगालुला, यांनी जरा उभं राहावं. मुलाला हे नाक कुठून मिळालं ते आम्हाला बघू दे.'

आणि ताता उठले.

अर्धेच. गुडघे सरळ झाले, हात खुर्चीच्या पाठीवर गेला. त्यांना काही बिघडवायचं नव्हतं, ते विसरले होते एवढंच. त्यांचं नाव घेतलं होतं आणि ते उठले. पुढच्या रांगेत तो उंच माणूस उठला, चष्मा सारखा केला, हात वर करून सगळ्यांना अभिवादन केलं. टाळ्या पडल्या. आणि मी मास्तरांच्या कोटाचं टोक धरून तातांना खाली ओढलं. मी ओढलं, गोन्झागा. तू पुढे होतास, तुझ्या हातात नव्हतं ते. ते खाली बसले आणि माझ्या कानाशी म्हणाले, 'सवय गं. नाव घेतलं की उठतो माणूस.' जसं काही त्यांनीच माझी माफी मागायची होती.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते कसं आठवतोस ते मला माहीत नाही, म्हणून लिहिते. नोव्हेंबर, हंगाम, त्यांच्या घरी टोपल्या भरून तळलेले नाकतोडे. आपल्या मांडवात ते आणणार नव्हतेच, कूळ ऐकलं होतं त्यांनी, आणि आपलं देवक कुणी खात नाही. टोपली त्यांच्याच म्हाताऱ्यांकडे चालली होती. तुझ्या भाड्याच्या बापानं वाढणाऱ्या पोरीला हाक मारली, 'इकडे आण गं, इकडे आण.' मूठ भरून घेतली. तोंडात टाकली. एकेक कुरकुर ऐकू येत होती मला शेवटच्या रांगेत, कारण तोवर सगळे गप्प झाले होते. तुझी सगळी तयारी झाली होती. त्याला घड्याळ दिलंस, नाव दिलंस, माझ्या पदवीचं वर्षसुद्धा पाठ करून घेतलंस. आपलं देवक काय ते सांगायला तेवढा विसरलास. मग वायोलाच्या आत्या म्हणाल्या, त्या गोड आवाजात, 'अगं बघा, व्याही स्वतःचंच कूळ चावून खातायत. आमच्या पोरीचं काय शिल्लक ठेवतील?' आपला बोलणारा हुशार. म्हणाला, 'आत्याबाई, आमचे ताता बारा वर्षं परदेशात होते. तिकडे देवकाला व्हिसा देत नाहीत.' हशा झाला. निभावलं होतं. तिथेच थांबला असतास तरी निभावलं होतं.

पण तुला हशा पुरला नाही. तू उठलास, टोपलीतून एक उचललास, सगळ्यांना दिसेल असा धरलास, आणि 'हल्ली कोण पाळतं हे सगळं' म्हणत खाल्लास. वायोलाचा बाप हसला, तुझ्या पाठीवर थाप मारली. मी तातांकडे बघितलं नाही. मला बघवलं नाही. मी त्यांच्या बाहीकडे बघत बसले, ती परत हातावर आली होती आणि त्यांनी ती मागे सारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताता मला म्हणाले, 'त्याला फोन करून विचार, अंगावर फोड उठलेत का.' मी म्हटलं, नाही विचारणार. संध्याकाळी परत, 'ओकला बिकला नाही ना?' आठवडाभर हेच. आपलं देवक खाल्लं की अंग फुटतं असं त्यांच्या आत्यानं त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांचं सगळं लक्ष त्या फोडांवर. तू त्यांना दुसऱ्याच्या नावाखाली मागे बसवलंस याबद्दल एक अक्षर नाही. शेवटी मी खोटंच सांगितलं, विचारलं, तो बरा आहे. तेव्हा कुठे जेवले नीट. मला त्यांचाही राग येतो. माणसानं इतकं चांगलं असू नये, आजूबाजूच्यांची सोय होते.

जूनमध्ये तो दुकानात आला. तुझा भाड्याचा बाप. मी ओळखलं, त्यानं आधी नाही. इकडे कुणाच्या तरी मागणीला आला होता, कार्ड छापायचं होतं त्याला. मजकूर त्यानं आणला होता: 'वडील, काका, आजोबा. सर्व शुभकार्यांसाठी. स्वतःचा सूट.' मी टाइप करत होते आणि तो माझ्याकडे निरखून बघत होता. म्हणाला, 'मुली, तू मुलाची बहीण ना? तो नाकतोड्यांचा घोळ झाला तिथली?' मी म्हटलं, हो. म्हणाला, 'मला अजून लाज वाटते बघ. तेवीस वेळा बाप झालो, असं कधी झालं नाही. सगळे जण आधी देवक सांगतात. घड्याळ विसरतील, देवक विसरत नाहीत. तुझ्या भावानं सगळं सांगितलं, तेवढं नाही सांगितलं.' मी टाइप करत राहिले. मग तो म्हणाला, 'एक विचारू? मागे खांबाशी एक माणूस होता. आखूड कोट... नाही, लांब बाह्यांचा कोट. माझं नाव घेतलं तेव्हा तो उठत होता.' मी म्हटलं, शेजारी आहेत आमचे. तो म्हणाला, 'शेजारी असा उठत नाही, मुली.' कार्डं घेतली आणि गेला. तेवीस वेळा खोटा बाप झालेल्या माणसाला एका नजरेत कळलं, आणि मी पुन्हा शेजारी म्हणाले. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

आता या आठवड्याचं. शुक्रवारी संध्याकाळी ताता कामावरून आले, हातपाय धुतले, आणि मी तुझा निरोप वाचून दाखवला. जसाच्या तसा, सात शब्द. वाटलं होतं, आता तरी चिडतील. मला तर हवंच होतं ते. ते म्हणाले, 'पोरगी?' मी म्हटलं, हो. 'फोटो आहे?' तू पाठवला नव्हतास. मी वायोलाच्या बहिणीनं सगळ्यांसाठी टाकलेला शोधून काढला. हात ओले होते म्हणून त्यांनी फोन घेतला नाही, मला धरायला लावला आणि चेहरा जवळ आणून बघत राहिले. 'कान आपले नाहीत,' म्हणाले. 'बाकी चालेल.' आणि मग कितीतरी वेळ अंगणात फेऱ्या मारत होते. शनिवारी कामावर गेले नाहीत. तुला माहीत आहे, ते कशासाठीही काम चुकवत नाहीत; तुझ्या मागणीला गेले होते तेवढंच. सकाळी आंघोळ करून, दाढी करून, केळीच्या बागेकडे तोंड करून बसले आणि आपल्या कुळातल्या मेलेल्या बायकांची नावं एकेक करून मोठ्यानं म्हणत गेले, आणि प्रत्येकीनंतर थांबून विचार करत, जशा त्या समोर ओळीनं उभ्या आहेत आणि ते एकीला निवडतायत. एक फार भांडकुदळ होती म्हणून गेली. एक लवकर मेली म्हणून गेली. शेवटी ज्या आत्यानं त्यांना वाढवलं तिच्यापाशी थांबले. आपण तिला नुसतं मधली आजी म्हणायचो, तिचं खरं नाव तू कधी विचारलं नाहीस, मीही नाही. ती कशी होती ते मला त्यांनी दुपारपर्यंत सांगितलं. नवऱ्यानं हाकललं तेव्हा भावाच्या घरी आली, पण भावाच्या घरात राहिली नाही; शेजारच्या पडीक तुकड्यावर स्वतःची झोपडी स्वतः बांधली, आणि दारात बसून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची, आत या, हे माझं आहे. 'हिला द्यायचं तिचं नाव,' ताता म्हणाले. 'शहरात राहणार आहे. कुणीतरी पाहिजे दारात बसणारं.'

मग ते नाव त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं. आणि म्हणाले, फोनवर पाठवायचं नाही. फोनवर कोण कोण ऐकतं. नाव एक तर बापाच्या तोंडून जातं नाहीतर कागदावर जातं. बापाच्या तोंडून जायची सोय दिसत नाही, तेव्हा तू कागद घे, नीट अक्षरात लिही, आणि सोमवारच्या बसवाल्याच्या हातात दे. म्हणून हे पत्र. फोन असताना मी कागद का खराब करतेय, असं तुला पहिल्या ओळीपासून वाटत असेल. तातांनी मला फक्त नाव लिहायला सांगितलंय. बाकी सगळं माझं आहे. आणि गोन्झागा, जे सांगितलं नेमकं तेच मी लिहिणार नाही. इतक्या मोठ्या गोष्टीत पहिल्यांदाच मी तातांचं ऐकत नाहीये. मगाशी ते आले, चष्मा नाही आणि वाचता येत नाही तरी पानांकडे बघत उभे राहिले, आणि म्हणाले, 'एवढं मोठं? बरं, नाव कुठे लिहिलंस ते दाखव.' मी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे तुझं नाव होतं. त्यांनी त्यावरून आपलं बोट हळूच फिरवलं, दोनदा, आणि खूश होऊन बाहेर गेले. तर आता आपण दोघंही त्यांना फसवणारी मुलं आहोत. बस उद्या पोचेल, परवा तुला पत्र मिळेल, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी ते मला विचारतील, मिळालं का, काय म्हणाला. पुढच्या रविवारपर्यंत मी काहीतरी सांगत राहीन, मला सवय झालीय. त्यानंतर खरं सांगेन, सगळं. तेवढे दिवस तुझ्याकडे आहेत. चारनंतर ते घरी असतात. वायोलाला आण, पोरीला आण, वायोलाच्या बापाला आणायची हिंमत असेल तर त्यालाही आण. बोलणारा माणूस आणू नकोस. चटईवर बस, आणि तूच माग. ते लगेच देतील, एकदाही काही विचारणार नाहीत, तुझा मान ठेवतील. आणि तेव्हा तुला जे वाटेल ते वाटावं म्हणूनच मी तुला नाव पाठवत नाहीये.

अजून तरी तुझीच बहीण,
पर्पेटुआ